उलटी ओढलेली ओळ

३ मार्च

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. रोज लिहायला बसायचो आणि रोज काहीतरी आडवं यायचं. आधी खोकला, मग चष्म्याची काडी मोडली. ती दोऱ्याने बांधली तर आता चष्मा एका कानावर चढतो आणि सगळं तिरकं दिसतं. पेंटरला तिरकं दिसलं की संपलंच. पाट्या रंगवून पोट भरणाऱ्याला लोक सगळं माफ करतात, वाकडी ओळ माफ करत नाहीत.

तुमच्या गावातल्या त्या आगीची बातमी वाचली. म्हणजे न्हाव्याने वाचली, मी ऐकली. तो गिऱ्हाईक खुर्चीत बसवून पेपर मोठ्याने वाचतो आणि वस्तरा तसाच हवेत धरतो. रस्ता रुंदीकरणाचं ऑफिस जाळलं, आत झोपलेला पहारेकरी भाजला, असं आलंय. भिंतीचा फोटोही होता. काळी पडलेली भिंत आणि तिच्यावर लाल अक्षरं, 'आता घाबरायची पाळी तुमची'. न्हावी म्हणाला, "मामा, अक्षर मात्र झकास आहे हो, तुमच्या धंद्यातलाच कोणी दिसतोय." मी म्हटलं, छपाई वाईट आहे, मला काही दिसत नाही.

तुझा पोरगा, आपला भोंग्या, बरा आहे ना? त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान त्याच रस्त्यावर होतं आणि रुंदीकरणात पाडलं, असं तू मागे लिहिलं होतंस. आग लागली त्या रात्री तो घरी होता का? सहज विचारतो. काळजीचा स्वभाव आहे माझा, तुला ठाऊकच आहे. लहानपणी तो रडायला लागला की गल्ली गोळा व्हायची, म्हणून मी त्याला भोंग्या नाव ठेवलं. मोठेपणी तो इतका गप्प झाला की मला ते गप्प बसणंच ऐकू येतं.

दवाखान्याच्या चादरी धुऊन तुझे हात सोड्याने फुटतात, त्यांना तेल लाव. पत्र वाचून झालं की फाडून टाक. तसं त्यात काही नाही म्हणा, पण टाक.

तुझा दादा


११ मार्च

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पोलीस आले. मी दारात उभी राहून त्यांना म्हणाले, माझा मुलगा मुंगी मारत नाही. मोठ्याने म्हणाले, शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. तेवढ्यात तो आतून बाहेर आला. त्याने बाह्या वर केल्या होत्या आणि उजव्या हातावरची लव सगळी जळालेली होती. कितीतरी दिवस तो घरात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जेवत होता आणि मी त्याला थंडी वाजते का म्हणून विचारत होते. दादा, पोलिसांनी त्याचा हात उलटसुलट करून पाहिला. त्यातला एक नुसता माझ्याकडे बघत राहिला.

त्याला धरून नेलं आणि तो कबूल झालाय. आग लावताना मी आणखी दोघांबरोबर होतो, म्हणाला. सुट्टीचा दिवस होता, आत कोणी नसेल असं वाटलं. भिंतीवर मात्र मी लिहिलं नाही, असं म्हणतो.

वकीलबाई तरुण आहेत, पण डोक्याने चांगल्या. त्यांनी मला समजावलं. जाळपोळीचा साधा खटला चालला तर काही वर्षांची शिक्षा होईल, पण तो बाहेर येईल. आता सरकारने नवा कायदा केलाय. आपल्याच देशातल्या माणसांनी सरकारविरुद्ध केलेल्या हिंसेला 'अंतर्गत दहशतवाद' म्हणायचं. तो लागला तर जामीन नाही आणि जन्म आत जाईल. त्यासाठी भीती घालायचा हेतू होता हे दाखवावं लागतं आणि ते भिंतीवर लिहूनच ठेवलंय. लिहिणारा हात भोंग्याचा नाही असं ठरलं तर तो कदाचित वाचेल. सरकार कोणता कायदा लावणार ते पुढच्या महिन्याच्या अखेरीस कोर्टात सांगेल.

म्हणून तुला बोलावते. तू येऊन सांग की हे अक्षर त्याचं नाही. वकीलबाई म्हणाल्या, मामा म्हणून नको, पेंटर म्हणून या.

आणखी एक सांगायचं होतं, पण लिहिताना मान वर होत नाही. तो पहारेकरी आमच्याच दवाखान्यात आहे. भाजलेल्यांच्या चादरी आमच्याकडे धुवायला वेगळ्या पिशवीत येतात. मलमाचे पिवळे डाग असतात, ते आधी हाताने चोळावे लागतात. ते काम माझ्याकडे आहे. मी बदलून मागितलं नाही. काय सांगून मागणार?

लवकर ये.

चिमी


२० मार्च

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. मी यायला निघालोच होतो, पण गुडघा सुजलाय. शिवाय इथल्या बाजारातल्या व्यापाऱ्यांचं मोठं काम आलंय, ते सोडता येत नाही. आणि मी येऊन काय सांगणार? चौथीत शाळा सोडलेला माणूस मी. कोर्टात उलटसुलट विचारतात, माझ्या तोंडून भलतंच काहीतरी निघून जाईल. फोटोत अक्षर नीट दिसत नाही. नसेलही त्याचं. तो नाही म्हणतो ना, मग नसेल.

इथे न्हाव्याच्या दुकानात दुसरा विषय नाही. निवृत्त मास्तर रोज येतात, दाढी असो नसो. काल दोघांची जुंपली. न्हावी म्हणाला, "सरकारी इमारत जाळायची, माणूस भाजायचा, वर धमकी लिहायची. बाहेरच्याने केलं असतं तर काय म्हटलं असतं मास्तर? मग घरच्याने केलं म्हणून काय पोरखेळ?"

मास्तर म्हणाले, "जाळपोळ म्हणा. खुनाचा प्रयत्न म्हणा. शिक्षा द्या. पण हा शब्द एकदा तोंडात बसला की उद्या संपावर बसलेल्यालाही तोच लावतील."

"तुमची बदली झाली तेव्हा तुम्हीही ऑफिसवर दगड मारणार होता म्हणे."

"म्हणालो होतो. मारला नाही."

"तेच ते. न मारणाऱ्यांसाठी हा कायदा नाहीच!"

सगळे हसले. मीही हसलो, चिमे. मग न्हाव्याने मला विचारलं, "मामा, तुमची बहीण त्याच गावात ना?" मी म्हटलं, हो, पण ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिला यातलं काही ठाऊक नाही. त्याने मान हलवली आणि माझ्या गालाला साबण लावला.

तू काम बदलून घे. सोड्याने हात फुटतात एवढंच सांग.

तुझा दादा


२ एप्रिल

दादा,

काल आमच्या गावात मोर्चा निघाला. तुमच्या गावचे व्यापारी ट्रक भरून आले होते. मी दवाखान्याच्या मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. कुंपणापलीकडून घोषणा ऐकू आल्या म्हणून चादर बाजूला केली आणि समोर भलंमोठं पांढरं फडकं. 'घरातल्या दहशतवाद्यांना माफी नाही'.

ते फडकं पुढून धरलं होतं पहारेकऱ्याच्या बायकोने. बिचारीला कोणीतरी आणून उभं केलं होतं. उंचीने लहान, तिचे हात वरपर्यंत पुरत नव्हते.

मी शब्द नंतर वाचले दादा. आधी वरची ओळ पाहिली. सगळे पेंटर अक्षरांवरची ओळ डावीकडून ओढतात. तू डावखुरा, तू उजवीकडून ओढतोस, सगळी अक्षरं झाल्यावर, एका दमात. उजवीकडे जाड आणि डावीकडे जाता जाता बारीक होऊन शेवटी वर एक झटका. लहानपणी ओळ आखायच्या दोरीचं दुसरं टोक मीच धरायची. जगात अशी ओळ कोणाची नाही, असं मी समजत होते.

मग मी काम टाकून त्या जळलेल्या ऑफिसकडे गेले. एवढ्या दिवसांत मी त्या रस्त्याने गेले नव्हते, लांबून वळसा घालायची. भिंत अजून तशीच आहे. अक्षरांवरची ओळ उजवीकडे जाड आहे आणि डावीकडे झटका आहे.

भोंग्या उजव्या हाताने लिहितो. त्याला उलटी ओळ ओढायचं कारणच नव्हतं. सुट्टीत तुझ्याकडे राहून तुझं बघून शिकला.

तर तुझ्या फडक्यावरून मला कळलं की माझा मुलगा माझ्याशी खोटं बोलला. आणि तुला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. 'सहज विचारतो' म्हणे.

आता यायची गरज नाही. तू सांगायला आला असतास ते मी आता सांगू देणार नाही.

चिमी


५ एप्रिल

चिमे,

हे पत्र तू वाचशील की चुलीत घालशील ठाऊक नाही. तरी लिहितो.

फोटो पाहिला तेव्हाच ओळखलं. पेपर घडी करून खिशात घातला, तर न्हावी म्हणतो, "मामा, तो पेपर माझा आहे." तेव्हापासून मी जे काही बोललो ते सगळं घाबरून बोललो.

व्यापारी फडकं घेऊन आले. मजकूर सांगितला. मी नाही म्हणू शकलो असतो. खोकला होता, गुडघा होता, कारणांची मला कधी वाण पडलीय का? पण मनात आलं, नाही म्हटलं तर विचारतील का नाही म्हणून. आणि लिहून दिलं तर कोणाला शंकाही येणार नाही. ज्याने हे लिहिलं तो त्या पोराचा मामा असेल असं कोण म्हणेल? असा मी शहाणा.

लोकांना मी नेहमी सांगतो की रंगवताना मी वाचत नाही, मला नुसते आकार दिसतात. दारूचं दुकान काय आणि दवाखाना काय. ह्या वेळी मी वाचलं. 'दहशतवाद्यांना' हा लांब शब्द, फडक्यावर बसेना. मी दोनदा पुसून पुन्हा आखला. भोंग्यासाठी तो शब्द नीट बसावा म्हणून मी रुळाने मापं घेत होतो, चिमे.

कोपऱ्यात सही केली नाही. एवढी वर्षं प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक सही करतो. ह्यावर केली नाही आणि स्वतःला म्हटलं, आता हे माझं नाही. आणि ओळ मात्र सवयीने ओढून बसलो. लपणाऱ्याने निदान ती तरी सरळ बाजूने ओढायची.

ते फडकं आता मोर्च्याहून परत आणून इथल्या बाजाराच्या कमानीवर बांधलंय. दूध आणायला त्याच्याखालून जावं लागतं. मी दूध बंद केलं.

तू म्हणशील तिथे येऊन उभा राहतो. खरं सांगायचं तर खरं सांगतो. फक्त एकदा ये म्हण.

तुझा
दादा म्हणवत नाही


१६ एप्रिल

दादा,

उत्तर देणार नव्हते. पण भोंग्याला भेटून आले आणि हे तुला सांगितलंच पाहिजे.

मोर्च्याच्या दिवशी त्याला कोर्टातून परत नेत होते. गर्दीत पोलिसांची गाडी अडकली. गाडीच्या जाळीतून त्याने ते फडकं पाहिलं. मी भेटायला गेले तेव्हा पहिलं वाक्य हेच. "आई, मामाचा हात अजून थरथरत नाही गं." आणि हसला. मग रडायला लागला, अगदी लहानपणीसारखा. तुरुंगातला शिपाई आत डोकावून गेला.

मी म्हटलं, भिंत मी पाहून आलेय. तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

त्या दोघांनी ठरवलं होतं, एकाने रॉकेल ओतायचं, एकाने नजर ठेवायची. भोंग्याने आधी भिंतीवर लिहायचं आणि मग मागची खोली बघून यायची, कोणी आहे का ते. मी विचारलं, लिहायचं तुझ्याकडेच का? म्हणाला, "दोघेही म्हणाले तुझं अक्षर चांगलं आहे." एवढंच. दुसरं कारण नाही. अक्षरं लिहून झाली आणि त्या दोघांची घाई सुरू झाली, चल चल, कोणीतरी येतंय. तो म्हणाला, वरची ओळ राहिलीय. ओळ ओढायला थांबला. ती ओढून झाली तोवर त्यांनी काडी लावली होती. मागची खोली बघायची राहिली.

"मामा म्हणायचा, अर्धी ओळ टाकून उठायचं नाही," असं म्हणाला. तुला दोष द्यायला नाही म्हणाला. त्याला अजूनही ते कळत नाहीये की तो का थांबला.

वकीलबाईंना त्याने स्वतःच सांगितलं की लिहिलं मी. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आता काही माझ्या हातात नाही.

दुसरं म्हणजे पहारेकऱ्याच्या बायकोला मी सांगितलं. ती रोज धुलाईखान्याच्या खिडकीशी यायची. नव्या चादरी कडक असतात, जखमेला चिकटतात, म्हणून जुनी धुऊन धुऊन मऊ झालेली मागायची. मी तिच्यासाठी निवडून ठेवायची. ती मला "तुमचे उपकार" म्हणायची आणि मी ऐकून घ्यायची. ते सहन होईना. एक दिवस चादर देताना म्हटलं, मी त्या मुलाची आई.

तिने चादर घेतली नाही. मग म्हणाली, "मोर्च्यात मला सगळे म्हणत होते, दहशतवादी म्हणा, जोरात म्हणा. मी म्हटलं. माझ्या नवऱ्याला रात्री कोण उचलतं, ते कोणी विचारलं नाही." आणि निघून गेली. आता ती येते तेव्हा दुसऱ्या खिडकीशी उभी राहते. मऊ चादरी मी त्या खिडकीत आधीच नेऊन ठेवते. ती घेते. माझ्याकडे बघत नाही, आणि का बघावं?

तुला ये म्हणत नाही. तुझं तू ठरव.

चिमी


२४ एप्रिल

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घेऊन चार दिवस फिरलो. ते ओळ ओढायला थांबल्याचं वाचलं आणि मला घरात बसवेना. पोराने आत कोण झोपलंय ते पाहिलं नाही. मीही फडकं रंगवताना त्या शब्दाखाली कोण उभं राहणार ते पाहिलं नाही. नाही, मी पाहिलं होतं. माझं त्याच्याहून वाईट आहे.

परवा सकाळी, बाजार भरलेला असताना, शिडी आणि रंगाचा डबा घेऊन कमानीपाशी गेलो. आधी मनात होतं फडकं उतरवून टाकावं. मग वाटलं, ते कोणत्या तोंडाने उतरवू? लिहिलंय तर मीच. गुडघा साथ देईना म्हणून न्हाव्याला हाक मारली.

"मामा, ह्या वयात वर कशाला चढताय? चूक राहिली का काही?"

"सही राहिलीय."

"आता आठवली होय! चढा, धरतो मी. पडलात तर दाढी फुकट करून देईन."

मी उजव्या कोपऱ्यात लिहिलं. पेंटरची सही असते त्यापेक्षा जरा मोठं, खालून वाचता येईल असं. 'लिहिणारा, त्या मुलाचा मामा'. वरची ओळ ओढली, आपली नेहमीची.

खालून न्हावी एकेक अक्षर मोठ्याने वाचत होता, पेपर वाचतो तसा. शेवटचा शब्द वाचला आणि त्याचे हात शिडीवरून सुटले. शिडी हलली. मी कमानीला धरलं. वाटलं, बरंच होईल. पण लगेच त्याने दोन्ही हातांनी घट्ट पकडली आणि ओरडला, "म्हाताऱ्या, आधी खाली उतर, मग बघतो तुझ्याकडे!"

उतरलो. भोवती माणसं जमली. मास्तर होते, व्यापारी होते. एकाने विचारलं, खरं का हे? मी म्हटलं, खरं. दुसरं बरंच ठरवून गेलो होतो, त्यातलं काही आठवेना. एवढंच म्हणालो की त्याने जाळलं, त्याच्यामुळे एक माणूस भाजला, धमकीही त्यानेच लिहिली. कायदा काय लावायचा तो लावा. पण तो माझा भाचा आहे आणि मी ते तुमच्यापासून लपवलं होतं. मास्तरांनी नेहमीसारखं बोट वर केलं, मग खाली घेतलं. गर्दीतला एकजण थुंकला. माझ्यावर नाही, बाजूला.

दुपारपर्यंत व्यापाऱ्यांनी स्वतःच फडकं उतरवलं. ती सही असताना त्यांना ते काही कामाचं नव्हतं. संध्याकाळी कोणीतरी माझ्या दुकानाच्या पाटीवर तोच शब्द, 'दहशतवादी', लिहून गेलं. अक्षर भिकार. पुसलेला नाही.

काल न्हाव्याकडे गेलो, जावं की नाही असं करत करत. त्याने खुर्ची झटकली, साबण लावला, दाढी केली. निघताना म्हणाला, "माझं मत तेच आहे, मामा." मी म्हटलं, असू दे. मग म्हणाला, "तारीख कधी आहे पोराची? गुडघा घेऊन एकटा कसा जाणार तू?" न रागावता मला 'तू' म्हणाला तो, पहिल्यांदाच.

चिमे, तारखेला मी येतोय. तू बोलावलं नाहीस तरी येतोय. कोर्टात तुझ्या शेजारी जागा नसली तर मागे उभा राहीन. सरकार कोणता कायदा लावणार ते तिथे कळेलच, ती भीती आहेच, पण मला झोप येत नाही ती त्याने नाही. कैद्याला कोणी भेटायचं तर त्याला कैद्याने स्वतः हो म्हणावं लागतं, असं इथे पोलीस चौकीत विचारलं तेव्हा समजलं. त्याला माझं विचार. हात थरथरतो म्हणावं आता. ह्या पत्रातच बघ.

तो मामाला भेटायला हो म्हणाला का, तेवढं एका ओळीत कळव. नाही म्हणाला असला तरी कळव. पण लवकर कळव.

तुझा दादा